उपकरण बंद पडल्यावर व्होल्टेचा चालू कॉल कधी टिकतो, कधी तुटतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: व्होल्टेवर, म्हणजे 4जीच्या डेटा नेटवर्कवरून, कॉल चालू आहे आणि तेवढ्यात साइटवरचं (टॉवरच्या ठिकाणचं) कार्ड गेलं, फायबर तुटला किंवा कोअरमधला (मधल्या मुख्य नेटवर्कमधला) एखादा नोड बंद पडला, तर तो कॉल टिकवता येतो का? आणि येत असेल, तर सगळीकडे रिडंडन्सी (बदली व्यवस्था) असूनही कॉल पडतात कसे?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी. बहुतेक रिडंडन्सी नव्या कॉलसाठी बांधलेली असते. जुना नोड गेला, नवा उभा राहिला, पुढचा माणूस नंबर फिरवेल तेव्हा कॉल लागेल, एवढीच तिची हमी. चालू कॉलचं गणित वेगळं आहे.

व्होल्टेच्या कॉलमध्ये दर 20 मिलिसेकंदांना आवाजाचं एक पॅकेट निघतं, सेकंदाला 50. हे पॅकेट कुणाचं आणि पुढे कुणाकडे द्यायचं याची नोंद फोनमध्ये, ईनोडबीत (4जीचं बेस स्टेशन), एमएमईत (फोन कुठे आहे ते सांभाळणारा कोअरचा नोड), दोन्ही गेटवेत (डेटा पुढे नेणारे नोड) आणि आयएमएसमध्ये (कॉल जोडणारी यंत्रणा), प्रत्येकाकडे आपापली असते. यंत्र बंद पडलं की त्याच्याकडची नोंद जाते. ती आणखी कुठे जिवंत असेल, आणि बाकीच्यांची घड्याळं संपायच्या आत कामाला लागली, तर कॉल टिकतो. म्हणून कुठलंही उपकरण तपासताना विचारायचं एवढंच, की याची नोंद अजून कुणाकडे आहे आणि ती किती वेळात हाती येते.

वेळेचा अंदाज असा धरा. 300 मिलिसेकंदांपर्यंतचा खंड बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. 4जीवरून 2जी-3जीवर कॉल सरकवताना आवाजाचं उद्दिष्टही तेवढंच ठेवलेलं आहे. सेकंद-दोन सेकंद गेले की माणूस 'हॅलो? हॅलो?' करतो, पण थांबतो. पाच-सहा सेकंदांनंतर तो स्वतःच फोन ठेवतो, मग नेटवर्कने कॉल टिकवला काय आणि नाही काय. त्यापुढे हँडसेटमधला आरटीपीचा (आवाजाची पॅकेट येतायत का ते बघणारा) टायमर असतोच. तो साधारण 10 ते 20 सेकंदांवर ठेवलेला दिसतो.

आता साइट. इथे दोन घटना लोक एकाच मापाने मोजतात: आरआरयू (टॉवरवरचं रेडिओ युनिट) जाणं आणि बीबीयू (साइटचं मुख्य प्रक्रिया युनिट) जाणं.

आरआरयू गेला, त्याचा एसएफपी (फायबर जोडायचं ऑप्टिकल मॉड्यूल) मेला किंवा टॉवरवर चढणारा सीपीआरआयचा (बीबीयू-आरआरयू जोडणारा) फायबर उंदराने कुरतडला, तर एक सेल (साइटच्या कव्हरेजचा एक भाग) जातो; पण फोनची नोंद बीबीयूच्या मुख्य कार्डावर शाबूत असते. फोनच्या बाजूने काय होतं ते घड्याळ लावून बघू. सेल अचानक गप्प झाल्यावर फोन सुमारे 200 मिलिसेकंदांच्या खिडकीत डाऊनलिंकचा दर्जा मोजतो आणि 'सिंक गेला' असा पहिला निष्कर्ष काढतो. असे सलग किती निष्कर्ष लागतात ते एन310 ही सेटिंग ठरवते. तो 10 ठेवला असेल आणि निष्कर्ष दर 10 मिलिसेकंदांना येत असतील, तर आणखी 100 मिलिसेकंद. मग टी310 हा टायमर सुरू होतो. तो 1000 मिलिसेकंदांचा असेल तर आतापर्यंत 1.3 सेकंद गेले, आणि फोनने नुसतं एवढंच मान्य केलंय की लिंक तुटली. इथून टी311 हा दुसरा टायमर चालू होतो आणि फोन दुसरा सेल शोधतो. चांगला सेल समोर असेल तर तो पकडणं, सिस्टिम माहिती वाचणं आणि रँडम ॲक्सेस मिळून काही शे मिलिसेकंद. मग फोन पुनर्स्थापनेची विनंती पाठवतो. तिच्यात जुन्या सेलचा पीसीआय (सेलचा ओळख क्रमांक), फोनची तिथली ओळख आणि एक लहानसा सुरक्षा कोड असतो. समोरच्या सेलकडे ही नोंद सापडली की बेअरर (त्या फोनसाठी राखलेल्या डेटाच्या वाहिन्या) पुन्हा उभे राहतात. एकूण हिशेब साधारण 1.6 ते 2.5 सेकंद. कॉल टिकतो, माणूस एकदा 'हॅलो?' म्हणतो.

व्होल्टेसाठी डीआरएक्स (बॅटरी वाचवायला फोनने मधेमधे ऐकणं थांबवणं) चालू असेल तर मोजमाप विरळ होतं आणि हा आकडा वाढतो, हे धरून चाला.

तो दुसरा सेल त्याच ईनोडबीचा असेल तर नोंद घरातच असते आणि काम जवळजवळ नक्की होतं. म्हणून एकाच सेक्टरचे दोन बँड, समजा 900 आणि 1800, एकाच ड्युअल-बँड आरआरयूवर आणि एकाच बेसबँड कार्डावर घालू नका. एक आरआरयू वाचतो, केबल वाचते, टॉवरवरचा भार कमी होतो, हे सगळं खरं. पण तो आरआरयू गेला की दोन्ही बँड एकदम जातात आणि फोनला घरातला सेल उरत नाही. निदान बेसबँड कार्डं तरी वेगळी ठेवा. तेवढं बहुतेक साइटवर एक पैसा न खर्चता, नुसतं सेलचं मॅपिंग बदलून होतं.

दुसरा सेल शेजारच्या साइटचा असेल तर त्याला जुन्या ईनोडबीकडून नोंद मागून आणावी लागते, आणि ती एक्स2 (ईनोडबींमधली थेट लिंक) वरून येते. एक्स2 बंद असल्याचा अलार्म मायनर म्हणून महिनोन् महिने तसाच पडून राहतो, कारण रोजचा हँडओव्हर एस1 (ईनोडबी आणि कोअरमधली लिंक) वरूनही निभावतो. अशा वेळी मात्र एस1 उपयोगी पडत नाही. दुसरी गोची पीसीआयची. शेजारी एकच पीसीआय असलेले दोन सेल असतील तर नोंदीची मागणी भलत्याच ईनोडबीकडे जाते, तिथे अर्थातच नोंद सापडत नाही आणि पुनर्स्थापना नाकारली जाते. त्यामुळे काउंटरमध्ये नुसती पुनर्स्थापनेची टक्केवारी बघू नका. नकाराचं कारण 'यूईची नोंद नाही' असं किती वेळा आलं आणि कुठल्या जोडीवर आलं, ते काढा.

टी310 कमी करून वेळ वाचवायचा मोह सगळ्यांनाच होतो. 1000 चा 500 केला की अर्धा सेकंद वाचतो, पण घाटात किंवा इमारतीच्या आत, जिथे सिग्नल क्षणभर बुडून परत येतो, तिथे चांगले कॉलही लिंक तुटल्याचं धरून उगाच शोधाला लागतात. दाट शहरी क्लस्टरमध्ये 500 चालतो. सह्याद्रीच्या पट्ट्यात 1000 ला हात लावू नये. टी311 मात्र 1000 वर ठेवलेला असेल तर 3000 करा. सेल शोधायला मिळालेला जास्तीचा वेळ तिथे फुकटचा आहे.

बीबीयूच बसला तर? नोंद गेली. शेजारचा सेल एक्स2 वरून मागेल कुणाकडे? पुनर्स्थापना नाकारली जाते, फोन आयडलमध्ये (रेडिओ जोडणी नसलेल्या अवस्थेत) जातो आणि सर्व्हिस रिक्वेस्ट किंवा ट्रॅकिंग एरिया अपडेट घेऊन शेजारच्या साइटवरून परत येतो. आता सगळं एमएमईच्या हातात. आवाजाचा बेअरर, म्हणजे क्यूसीआय 1, हा ठरावीक वेग राखून ठेवणारा बेअरर असतो. रेडिओ जोडणी गेली की असे बेअरर काढून टाकायचे, असं मानक सांगतं; मात्र फोन परत येईल म्हणून काही सेकंद थांबण्याची मुभाही त्याच मानकात एमएमईला दिलेली आहे. ही मुभा कॉन्फिगरेशनमध्ये चालू आहे का, ते बघा. बंद असेल तर एमएमई बेअरर काढतो, गेटवे पीसीआरएफला (बेअररचे नियम ठरवणारा नोड) कळवतो, पीसीआरएफ पी-सीएससीएफला (आयएमएसचा फोनच्या बाजूचा पहिला सर्व्हर) कळवतो आणि आयएमएस कॉल संपवून टाकतो. तोवर फोन शेजारच्या साइटवर पोचलेलाही असतो. चार ते पाच सेकंद ठेवलेत तर पुरे. दहाच्या वर नेलंत तर रेडिओवर नसलेल्या कॉलचा वेग उगाच अडकून राहतो.

अर्थात शेजारच्या साइटचा सिग्नल मुळात पोचला पाहिजे. पुण्यात पेठांमध्ये तो प्रश्न नाही. गावाबाहेर एकच टॉवर असेल तर वरच्या एकाही सेटिंगचा उपयोग नाही.

याहून वाईट प्रकार म्हणजे रेडिओ ठणठणीत आणि मागची लिंक मेलेली. फोनवर सगळ्या कांड्या दिसतात, कॉल मात्र लागत नाही. फोनच्या दृष्टीने सेल उत्तम आहे, मग तो कशाला हलेल? एस1 गेला की सेल स्वतःहून प्रसारण थांबवतील अशी सेटिंग जवळजवळ प्रत्येक व्हेंडरकडे असते. ती चालू ठेवा आणि वेळ 20-30 सेकंदांच्या आत ठेवा. चालू कॉल यात वाचत नाहीत. मागे वाटच उरलेली नसल्याने आवाजाची पॅकेट साइटवरच पडून राहतात. वाचतो तो पुढचा माणूस. चालू कॉल वाचवायचे तर मागे दुसरी वाट हवी.

आणि दुसरी वाट म्हणजे खरोखर दुसरी. कागदावर रिंग असते, जमिनीत दोन्ही फायबर एकाच चरातून गेलेले असतात. रस्ता रुंदीकरण सुरू झालं की, राष्ट्रीय महामार्ग 66 वर हे कोकणाने वर्षानुवर्षं बघितलंय, जेसीबीचा एक घाव दोन्ही बाजू तोडतो. रिंग तपासताना नकाशा मागू नका, ओटीडीआरची (फायबरमध्ये प्रकाश सोडून लांबी आणि सांधे मोजणारं यंत्र) मोजणी मागा. दोन्ही दिशांची लांबी, सांध्यांची अंतरं आणि हँडहोलचे क्रमांक जुळवून बघा. दोन्ही मोजण्यांत सांधे सारख्याच अंतरावर दिसले की समजा, चर एकच आहे. शेवटच्या टप्प्यात दुसरा फायबर परवडत नसेल तर मायक्रोवेव्हचा एक हॉप टाका. तो चरातून जात नाही, हीच त्याची जमेची बाजू.

वाट बदलण्याचा वेग चांगला असतो. जी.8032 ची (इथरनेट रिंगच्या संरक्षणाचं मानक) रिंग किंवा एमपीएलएसचा फास्ट रीरूट (आधीच ठरवलेल्या दुसऱ्या वाटेवर राउटरने वळणं) 50 मिलिसेकंदांत वळतो, म्हणजे जेमतेम दोन-तीन पॅकेट गेली. अडतं ते बिघाड ओळखण्यात. फायबर पूर्ण तुटला तर प्रकाश जातो आणि पोर्ट लगेच डाऊन होतो. पण मध्ये दुसऱ्या कुणाचं ट्रान्समिशन उपकरण असेल तर आपला पोर्ट अप राहतो आणि पॅकेट मधेच गायब होतात. त्यासाठी बीएफडी (समोरचं टोक जिवंत आहे का ते सतत तपासणारा प्रोटोकॉल) लागतो. फायबरवर 100 मिलिसेकंद गुणिले 3 ठेवा (म्हणजे दर 100 मिलिसेकंदांना एक संदेश, तीन चुकले की लिंक गेली), मायक्रोवेव्हवर 300 गुणिले 3. मायक्रोवेव्हवर 100 ठेवलात तर जोराच्या पावसात बीएफडी सतत पडेल आणि लिंकपेक्षा तोच जास्त कॉल पाडेल. लिंक परत आल्यावरही घाई नको. पूर्ववत होण्याआधीचा थांबा निदान 5 मिनिटं ठेवा, कारण अर्धवट जोडलेला सांधा पहिल्या काही मिनिटांत पुन्हा दोन-चारदा जातो आणि दर खेपेला कॉलना धक्का बसतो.

पावसात मायक्रोवेव्ह मॉड्युलेशन उतरवतो, म्हणजे कमी वेगाच्या पण जास्त दणकट पद्धतीवर येतो. 28 मेगाहर्ट्‌झच्या चॅनेलवर 256 क्वामला साधारण 170 एमबीपीएस मिळत असतील, तर क्यूपीएसकेवर 40 च्या आसपास उरतात. आवाजाला तेवढे रग्गड आहेत: 12.65 केबीपीएसचा कोडेक, वर आरटीपी, आयपी, जीटीपी आणि इथरनेटची वेष्टणं धरून एका कॉलला एका दिशेने सुमारे 60 केबीपीएस लागतात. 100 कॉल म्हणजे 6 एमबीपीएस. तरीही पावसात कॉल तुटतात, कारण कुठल्यातरी एका हॉपवर डीएससीपीचं (पॅकेटचा अग्रक्रम सांगणाऱ्या खुणेचं) मार्किंग पुसलं जातं आणि आवाज यूट्यूबच्या रांगेत उभा राहतो. आवाजाला 46 आणि स्ट्रिक्ट प्रायॉरिटी, हे प्रत्येक हॉपवर स्वतः तपासायचं. मधल्या भाड्याच्या लिंकवर तर हमखास.

विजेबद्दल फार लिहीत नाही, पण हिशेब करून ठेवा. 48 व्होल्ट, 200 अँपिअर-अवरची बँक 80 टक्के वापरली तर 7.68 युनिट मिळतात. साइटचा भार 2.4 किलोवॉट असेल तर 3.2 तास, तेही बॅटरी नवी असताना. पॉवर प्लँटमध्ये लो-व्होल्टेज डिस्कनेक्टच्या दोन पायऱ्या असतात. वरच्या पायरीवर, 46 व्होल्टच्या आसपास, 5जी आणि वरचे बँड सोडा. खालच्या पायरीवर, लेड-ॲसिडला 43.2 च्या जवळ, लो-बँड आणि ट्रान्समिशन. हब साइटवर मायक्रोवेव्ह आणि राउटर सगळ्यांत शेवटी पडले पाहिजेत. ते चुकून पहिल्या पायरीवर जोडले गेले तर त्या हबमागच्या साइट बॅटरी भरलेल्या असूनही मरतात. डीजी (डिझेल जनरेटर) ऑटोवर असूनही सुरू झाला नाही तर डिझेल बघण्याआधी त्याची 12 व्होल्टची स्टार्टर बॅटरी बघा.

टीडीडी (एकाच फ्रीक्वेन्सीवर आळीपाळीने पाठवणाऱ्या-घेणाऱ्या) सेलचा एक जास्तीचा मुद्दा: वेळ 1.5 मायक्रोसेकंदाच्या आत जुळलेली लागते. जीपीएस अँटेनाच्या कनेक्टरमध्ये पावसाचं पाणी गेलं की काही तास आतल्या ऑसिलेटरवर निभावतं, मग सेल स्वतः बंद होतो किंवा शेजाऱ्यांत गोंधळ घालतो. कनेक्टरवर सेल्फ-बाँडिंग टेप खालून वर गुंडाळा आणि केबलला आत शिरण्याआधी एक ड्रिप लूप द्या.

कोअरमध्ये सगळ्यांत जास्त फसवतात ती मानकातली डिफॉल्ट मूल्यं. ईनोडबी आणि एमएमई एससीटीपी या प्रोटोकॉलवर बोलतात. किमान आरटीओ (पुन्हा पाठवण्याआधी उत्तराची वाट बघायचा वेळ) 1 सेकंद, दर अपयशाला दुप्पट, वाट सोडण्याआधी 5 पुनर्प्रयत्न: 1+2+4+8+16+32, म्हणजे 63 सेकंद. दोन आयपी, दोन वाटा सगळं आहे, पण दुसऱ्या वाटेवर जायचं ठरवायलाच मिनिट लागतं. कमाल आरटीओ 1 सेकंदावर आणा, वाटेमागे 2 पुनर्प्रयत्न ठेवा. तीन सेकंदांत निकाल लागतो. दोन्ही आयपी वेगळ्या कार्डांवर आणि वेगळ्या राउटरवर उतरले पाहिजेत, नाहीतर मल्टीहोमिंग नावापुरतंच.

एमएमई पूर्ण गेला तरी आवाज खरं तर चालू राहायला हवा, कारण आवाज ईनोडबीतून थेट गेटवेला जातो, एमएमईतून जातच नाही. पण अनेक ईनोडबी एस1 गेला की त्या एमएमईचे सगळे फोन सोडून देतात. व्हेंडरला विचारा, हे लांबवता येतं का. एमएमईचा पूल असला तरी तो नव्या नोंदणीला उपयोगी. पूलमधल्या दुसऱ्या एमएमईकडे या फोनची नोंद नसते.

गेटवेला मात्र हॉट स्टँडबाय हवाच आणि सत्राची नोंद सतत दुसऱ्या कार्डावर उतरत राहायला हवी. जीटीपीच्या (फोनचा डेटा गेटवेपर्यंत नेणारा प्रोटोकॉल) एकोवर, म्हणजे 'जिवंत आहेस का' या विचारणेवर, विसंबू नका. तो 60 सेकंदांपेक्षा लवकर पाठवायचा नाही असं मानकच सांगतं, त्यामुळे तो बातमी देतो ती शिळी. गेटवेचा आयपी लूपबॅकवर (कुठल्याही एका पोर्टला न बांधलेल्या इंटरफेसवर) ठेवा, रूटिंगने जाहीर करा आणि बीएफडीवर स्टँडबायकडे वळवा. ईनोडबीला मधे काय घडलं याचा पत्ताही लागत नाही.

आयएमएसमधली एक तक्रार हमखास येते: रात्री एक नोड फेलओव्हर झाला, कुणाचाच कॉल तुटला नाही, म्हणून सगळे खूश, आणि मग कॉल एकेक करून पडायला लागतात. लॉग बघितला तर प्रत्येक कॉल स्वतः सुरू झाल्यापासून 15 मिनिटांच्या पटीत तुटलेला. कारण सोपं आहे. सिपचा (कॉल जोडणारा आणि सांभाळणारा प्रोटोकॉल) सेशन टायमर बहुधा 1800 सेकंदांचा असतो आणि त्याचं नूतनीकरण निम्म्या वेळाला, 900 व्या सेकंदाला होतं. आवाज सीएससीएफमधून (आयएमएसच्या कॉल-नियंत्रण सर्व्हरमधून) जात नाही, म्हणून फेलओव्हरला काही जाणवलं नाही. नूतनीकरणाचा संदेश मात्र नव्या नोडवर गेला, त्याच्याकडे त्या संवादाची नोंद नव्हती, त्याने 481 ('असा संवाद माहीत नाही' हा नकार) दिला आणि 481 मिळाल्यावर कॉल संपवणं हेच नियमाला धरून आहे. नोंदणी कॉपी होत होती, संवाद कॉपी होत नव्हता. व्हेंडरला विचारताना 'जिओ-रिडंडंट आहे का' (दुसऱ्या ठिकाणी बदली नोड आहे का) असं मोघम विचारू नका. 'प्रस्थापित संवादाची नोंद दुसऱ्या नोडवर जाते का', असं विचारा. मुंबई-पुणे अशा लांबच्या जोडीवर ती सहसा जात नाही, आणि ते मान्य करायला हरकत नाही. एकाच डेटा सेंटरमधल्या जोडीवर गेलीच पाहिजे.

एसबीसीच्या (नेटवर्कच्या सीमेवर कॉल आणि आवाज सांभाळणारं यंत्र) जोडीत आवाज प्रत्यक्ष त्या डब्यातून जातो. स्टँडबाय आयपी घेतो, ग्रॅच्युइटस एआरपी ('हा आयपी आता माझ्याकडे आहे' ही घोषणा) पाठवतो, आणि समोरच्या स्विचवर पोर्ट-सिक्युरिटी असेल तर तो ते मुकाट गिळतो. स्क्रीनवर फेलओव्हर हिरवा, कॉल एकतर्फी.

एसआरव्हीसीसी, म्हणजे 4जीवरचा कॉल 2जीवर सरकवणं, याकडे विम्यासारखं बघू नका. त्याला जिवंत ईनोडबी आणि फोनचा मेजरमेंट रिपोर्ट लागतो. सेल अचानक मेला तर सरकवणार कोण? जिओकडे तर 2जी-3जीच नाही. हळूहळू उतरणाऱ्या सिग्नलला तो उपयोगी. चक्रीवादळात सुरू करतात ते इंट्रा-सर्कल रोमिंगही नव्या कॉलसाठीच: फोन दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कवर नव्याने नोंदणी करतो, चालू कॉल सोबत नेत नाही.

ग्राहकाच्या हातात असलेली गोष्ट म्हणजे वाय-फाय कॉलिंग चालू ठेवणं. कॉल वाय-फायवर गेला तरी पीडीएन गेटवे तोच राहत असल्याने आयपी बदलत नाही. राउटर आणि फायबरचा ओएनटी (घरात फायबर जिथे संपतो तो डबा), दोन्ही इन्व्हर्टरवर किंवा 12 व्होल्टच्या छोट्या यूपीएसवर हवेत. एकच ठेवून उपयोग नाही.

नियोजित कामासाठी सेल थेट लॉक करू नका. आधी 'शटिंग डाऊन' अवस्थेत टाका: सेल नवे कॉल घेत नाही, पॉवर टप्प्याटप्प्याने उतरते, चालू कॉल हँडओव्हरने शेजारी जातात. दोन-तीन मिनिटं जास्त लागतात.

चाचणी अशी घ्या. पहाटे 2 ते 4 ची खिडकी, दोन फोन, त्यातला एक दुसऱ्या साइटवर. कॉल लावा आणि एका बाजूने आकडे मोजल्याचं रेकॉर्डिंग वाजवा, म्हणजे किती आकडे गळले ते कानालाच कळतं. सोबत गेटवेवर आरटीपीचं कॅप्चर. मग एकेक करून: आरआरयूचा फायबर काढा, बेसबँड कार्ड उपसा, रिंगची एक बाजू तोडा, गेटवेचं चालू कार्ड रीसेट करा, आयएमएसचा नोड पाडा. सॉफ्टवेअरमधून 'स्विचओव्हर' म्हणू नका; ती कमांड आधी नोंदी नीट हलवते आणि मग वळते, खरा बिघाड तसा सांगून येत नाही. प्रत्येक वेळी आवाजातला खंड मिलिसेकंदांत लिहा. आयएमएसच्या चाचणीत नोड पाडल्यावर लगेच कॉल ठेवून घरी जाऊ नका. कॉल सुरू झाल्यापासून निदान 16 मिनिटं तो चालू ठेवा.